लोणच्याचा रंग, तिसरं वर्ष

इंदूरच्या विजय नगरमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात लिंबाच्या लोणच्याच्या रंगाचं स्वयंपाकघर बसवलं गेलं. लोणचं तिसऱ्या वर्षाचं होतं. तो फ्लॅट या उन्हाळ्यात विकला गेला.

मधल्या काळात जे घडलं ते मी जवळून पाहिलं, कारण ते स्वयंपाकघर आमच्या दुकानाने केलं होतं. त्याआधी मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. इतरांनी आणलेली बातमी तपासायची, नाव-गाव-वेळ जुळवायची, खात्री नसेल ती ओळ काढून टाकायची. पुढे दिरांचं मल्हारगंजातलं मॉड्युलर किचनचं दुकान वाढलं, गिऱ्हाइकांशी बोलायला त्यांना माणूस हवं होतं, आणि मी तिकडे गेले ती तिथलीच झाले. तपासण्याची सवय तिथेही कामी आली. स्वयंपाकघर करायला आलेली माणसं खरं क्वचित सांगतात. लपवायचं म्हणून नव्हे. आपल्याला काय आवडतं हे त्यांना पटकन सापडत नाही, म्हणून शेजारी काय आहे ते सांगतात.

या धंद्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. ओट्याखाली आणि ओट्यावर असतात ते खोके. खोक्यांना जी दारं लागतात त्यांना आम्ही शटर म्हणतो. शटरच्या दर्शनी भागाला जे लावतात ते फिनिश: लॅमिनेट, काचेसारखं चकचकीत ॲक्रिलिक, फवाऱ्याने मारलेला रंग, किंवा खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून त्यावर पॉलिश. या पापुद्र्याला व्हिनियर म्हणतात. स्वयंपाकघर किती टिकेल हे खोके आणि बिजागऱ्या ठरवतात. भांडणं मात्र सगळी फिनिशवरून होतात. बिजागरीवरून रुसून बसलेलं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही.

बरीच वर्षं एक रंग चालतो आणि मग दुसरा. मी आले तेव्हा लाल-काळं चालू होतं. मग सगळ्यांना पांढरं हवं होतं, मग करडं. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आजकाल हेच चालतंय," आणि त्याच्या मागोमाग, "उद्या विकायचं झालं तर?" ज्यांनी अजून घराचा ताबा घेतलेला नाही तेही विकायच्या दिवसाचा विचार करून रंग निवडत. माझ्या स्वतःच्या घरी करडं आहे. ते मी का निवडलं हे मला आठवत नाही.

म्हणून मी एक पद्धत ठेवली. नमुन्यांचं पुस्तक उघडण्याआधी गिऱ्हाइकाला सांगायचं: घरातली अशी एक वस्तू आणा, जिच्या रंगाचा तुम्हाला कधी कंटाळा आला नाही. दीर म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाईक पळेल." काही पळाले. बाकीच्यांनी आणलेल्या वस्तू पाहण्यासारख्या होत्या. मल्हारगंजातल्या एका नमकीनवाल्याने वडलांच्या स्कूटरचं बाजूचं निळं झाकण आणलं, त्यावर पोचा होता. एका डॉक्टरीणबाईंनी पाटी आणली, शाळेतली, लाकडी चौकटीची. विजय नगरच्या एका तरुण जोडप्याने फक्त फोन आणला आणि इंटरनेटवरचा फोटो दाखवला. तो आमच्याच एका कामाचा होता.

वसुधाताई भागवत लोणचं घेऊन आल्या.

त्या आणि त्यांचे यजमान निवृत्तीनंतर विजय नगरला राहायला आले होते. भागवत पिथमपूरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करत. आलेला माल पास की नापास हे त्यांच्या सहीने ठरे. लग्नापासून दोघं कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहिले. तिथे कडप्प्याचा ओटा, कंपनीच्या हिरव्या रंगाच्या भिंती, दर काही वर्षांनी त्याच हिरव्याचा नवा हात. वसुधाताईंनी तोवर स्वयंपाकघरातलं काहीही स्वतः निवडलेलं नव्हतं. हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, पत्ता सांगावा तसं. मुलगा पुण्याला होता. चार-पाच वर्षांनी फ्लॅट विकून त्याच्याकडे जायचं ठरलेलं होतं. तिथलं स्वयंपाकघर सुनेचं. म्हणजे निवडायचं काय ते आत्ता.

त्यांनी कापडी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली काचेची बरणी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं होतं.

"हे लोणचं?" मी विचारलं.

"रंग," त्या म्हणाल्या. "असा रंग मी साडीत पाहिला नाही, पडद्यात पाहिला नाही. बरणी उघडायची म्हणून काढते आणि बघतच बसते."

लिंबाचं गोड लोणचं, बिनतेलाचं. पहिल्या वर्षी पिवळट असतं, मग मधासारखं होतं, मग तांबूस तपकिरी, आणि पुढे काळ्याकडे जातं. हे तिसऱ्या वर्षाचं होतं. मी बरणी खिडकीकडे धरली. कोणत्याही नमुन्यांच्या पुस्तकात नसलेला रंग होता.

भागवत शेजारच्या खुर्चीत बसले होते. "मॅडम, आम्हाला घर विकायचंय, लोणचं नाही."

"आज नाही विकायचंय," वसुधाताई म्हणाल्या.

"विकायचंच आहे ना. घेणारा येईल, किचन बघेल आणि विचारेल, तुमच्याकडे आग-बिग लागली होती का?"

"सांगू, नाही लागली म्हणून."

माप घ्यायला मी फ्लॅटवर गेले तेव्हा भागवतांनी बंटीला बोलावून ठेवलं होतं. बंटी घरांची दलाली करतो. विजय नगरातल्या जुन्या फ्लॅटचे निम्मे सौदे त्याच्या हातून होतात असं तो म्हणतो. मी तपासलेलं नाही. त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मत दिलं.

"आंटीजी, मेरी मानो तो ऑफ-व्हाइट. न किसी को अच्छा लगे, न किसी को बुरा. पार्टी आती है, देखती है, आगे बढ़ जाती है."

"म्हणजे कोणालाच आवडणार नाही असं करायचं?" वसुधाताईंनी विचारलं. बंटीला मराठी समजतं.

"वही तो बिकता है, आंटीजी."

"तुमच्या घरी कोणतं आहे हो, बंटीभिया?"

बंटीने फोन काढला, पाहिला, परत ठेवला. "हमारे यहाँ तो हरा है. तोते जैसा. घरवाली की जिद थी."

"आणि तुम्हाला?"

"अब आदत पड़ गई. दूसरों के यहाँ जाता हूँ तो किचन खाली-खाली लगता है."

भागवत म्हणाले, "तू मला मदत करायला आला होतास, भिया."

बंटीचं घर आमच्या दुकानापासून जवळ. मी जाऊन पाहिलं. हिरवं होतं, आणि पोपटापेक्षा जरा जास्तच.

मला कुतूहल वाटलं ते यापुढच्या गोष्टीचं. ज्या घेणाऱ्यासाठी सगळे रंग निवडतात, तो घेणारा शेवटी करतो काय? आम्ही केलेल्या घरांपैकी काही पुढे विकली गेली होती. मी नव्या मालकांना फोन केले, काहींकडे गेले. बहुतेकांनी जुनं स्वयंपाकघर काढून टाकलं होतं. रंग आवडला नाही असं फारसं कोणी सांगितलं नाही. कोणाची भांडी मोठी होती. कोणाला गॅस दुसऱ्या दिशेला हवा होता, वास्तुवाल्याने सांगितलं म्हणून. एका बाईंनी घर पाहताना पहिलाच प्रश्न विचारला होता की इथे अंडं शिजलंय का. शिजलं होतं, आणि ते खोके रातोरात गेले. "दूसरे के चौके में हाथ नहीं चलता," असं एकजण म्हणाल्या. त्या घरात आमचं पांढरं ॲक्रिलिक होतं, खास विक्रीसाठी निवडलेलं, ओरखडासुद्धा नसलेलं.

हे मी भागवतांना सांगितलं.

"सँपल किती?" त्यांनी विचारलं.

"मोजकीच घरं."

"मग हा निष्कर्ष नाही."

"नाही. माहिती आहे."

"माहितीवर माल पास होत नाही, मॅडम."

तरी वसुधाताईंनी कामाला सुरुवात करायला सांगितलं. आमच्याकडे एक रीत आहे. सगळी शटरं करण्याआधी एक पूर्ण मापाचं करतो आणि आठवडाभर गिऱ्हाइकाच्या घरी लावून ठेवतो. दुकानातल्या दिव्यात आवडलेला रंग घरच्या ट्यूबलाइटखाली वेगळाच निघतो. पॉलिशचं काम रफीकभाईंकडे. त्यांनी सागाचं व्हिनियर घेतलं, बरणीतलं चमचाभर लोणचं पांढऱ्या बशीत काढून घेतलं आणि त्यावरून रंग जुळवायला बसले. हात देत गेले, वाळवत गेले, पुन्हा देत गेले. मला रंग छान वाटला.

शटर वाळून अंगणात उभं होतं त्या दिवशी भागवत एकटे दुकानात आले. चहा सांगितला. बराच वेळ ते पिथमपूरच्या रस्त्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "तिला सांगा, हा रंग होत नाही."

"होतो. रफीकभाईंनी केलाय."

"होतो हे मला माहीत आहे. तुम्ही सांगा, होत नाही. माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल."

"नसलेली बातमी मी देत नाही. तुम्ही असं सांगायला सांगितलंत, हे सांगू शकते."

ते हसले नाहीत. "मॅडम, मुलाकडे जाताना चार पैसे हातात असले तर मान राहतो. बाकी मला रंगाचं काही नाही." चहा संपवून ते उठले आणि जाता जाता अंगणात थांबले. शटरवर ऊन पडलं होतं. त्यांनी चष्मा बदलला, वाकून पाहिलं, मग मागे जाऊन पाहिलं.

"हे कुणाचं?"

"तुमचंच."

"कोणत्या वर्षाचं केलंय हे?"

मला प्रश्न कळला नाही.

"हे पहिल्या वर्षाचं आहे. फार तर दीड. चुकलंय."

रफीकभाई आतून आले. "साहब, अचार सामने रखके मिलाया है."

"कशात ठेवून?"

"बशी में."

"तिथेच चुकलं," भागवत म्हणाले. "बशीत पातळ थर होतो, खालचा पांढरा दिसतो. लोणचं बरणीत बघायचं. उन्हाकडे धरून."

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"बरणी उन्हात मी ठेवतो ना. लिंबं ती चिरते, मीठ-साखर ती घालते. रोज हलवायची, ऊन सरकलं की सरकवायची, संध्याकाळी आत घ्यायची, ते माझं. क्वार्टरला होतो तेव्हा ड्यूटीवर जायच्या आधी." ते पुन्हा शटरकडे वळले. "असं चालणार नाही. करायचं तर बरोबर करा. नाहीतर सरळ ऑफ-व्हाइट करा."

दुसऱ्या दिवशी ते रिक्षाने आले. मांडीवर तीन बरण्या होत्या, तीन वेगवेगळ्या वर्षांच्या. अंगणातल्या कट्ट्यावर त्यांनी त्या ओळीने मांडल्या आणि ऊन योग्य जागी येईपर्यंत कोणाला काही करू दिलं नाही. पुढचे काही दिवस ते आणि रफीकभाई अंगणात होते. दीर वैतागले, कारण रफीकभाईंचं बाकीचं काम अडलं. लाकडाचे लहान तुकडे रंगवून बरणीशेजारी धरले जात आणि भागवत एकच शब्द बोलत: "नापास." रफीकभाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "मेडम, ये रिटायर हुए हैं कि निकाले गए हैं?"

शेवटी एक तुकडा पास झाला. रफीकभाईंनी तेव्हाच बजावलं. "साहब, पहले बोल देता हूँ, ये रंग बदलेगा. सागवान है, ऊपर से धूप. आज तीसरे साल का बना दिया, आगे जाके और गहरा होगा."

"किती?"

"वो तो ऊपरवाला जाने और आपकी खिड़की."

भागवत म्हणाले, "लोणचंही होतंच की."

नवं शटर फ्लॅटवर लावलं तेव्हा मी तिथे होते. वसुधाताईंनी ट्यूबलाइट बंद केली. पूर्वेच्या खिडकीतून ऊन ओट्यापर्यंत येईस्तोवर त्या स्टुलावर बसून राहिल्या. ऊन आलं.

"हाच," त्या म्हणाल्या. मग खिडकीतल्या बरणीकडे गेल्या आणि फडक्याची गाठ पाहिली. "ही बरणी यांनी दुकानात आणली होती का? गाठ यांची आहे."

"हो."

"काय म्हणाले?"

"करायचं तर बरोबर करा म्हणाले."

त्यांनी गाठ सोडली, लोणचं वाटीत काढलं आणि मला खायला दिलं. तो विषय माझ्यासमोर पुन्हा निघाला नाही. आठवड्याने बाकीची शटरं बसली. वसुधाताईंच्या नणंदबाई पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, नवं केलंय म्हणालीस ना?" बंटी आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बेचना मुश्किल है, आंटीजी, पर पोहे यहीं खाऊँगा." चुकलेलं पहिलं शटर मी दुकानाच्या पुढच्या भिंतीवर टांगलं. लोणचं बशीत घेऊन रंग जुळवला तर काय होतं, ते गिऱ्हाइकांना दाखवायला. तिथे दुपारभर ऊन असतं.

पुण्याला जायची वेळ ठरल्यापेक्षा लवकर आली. मुलाकडे नातू झाला. भागवतांनी फ्लॅट बंटीच्या हाती दिला. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावरचा तेवढ्याच मापाचा फ्लॅटही तेव्हाच विकायला निघाला होता. त्यात ऑफ-व्हाइट स्वयंपाकघर होतं, दुसऱ्या दुकानाने केलेलं, उत्तम स्थितीत.

भागवतांच्या फ्लॅटला बेटम्याचे एक धान्याचे व्यापारी आले. मुली इंदूरला शिकायला ठेवायच्या होत्या. त्यांच्या पत्नीने शटरवरून बोट फिरवलं.

"ये पुराना है क्या?"

"नया है," वसुधाताई म्हणाल्या. "दिखता पुराना है."

"अंडा-वंडा?"

"कभी नहीं."

"फिर भी, बहनजी, किचन तो हम नया ही करवाएँगे. बुरा मत मानना."

भागवत हे बाहेरच्या खोलीतून ऐकत होते. सौदा झाला. खालच्या फ्लॅटचा सौदाही त्याच महिन्यात झाला. दोन्हींना एकच भाव लागला असं बंटीने सांगितलं, आणि खालच्या मालकांनी दुजोरा दिला. खालचं ऑफ-व्हाइट स्वयंपाकघरही नव्या मालकांनी काढलं. ते काम आमच्याकडेच आलं.

सह्या झाल्यावर भागवतांनी व्यापाऱ्यांना विचारलं, "किचन निकालोगे ही, तो दरवाजे हम ले जाएँ?"

"ले जाओ साहब, हमारी मजदूरी बची."

वसुधाताईंना हे नंतर कळलं. त्यांनी विचारलं, "अहो, तिथे सूनबाईचं किचन आहे. शटर घेऊन करायचं काय?"

"तिला विचारलं मी. ती म्हणाली, आणा."

"तिला रंग कसा सांगितलात?"

"बरणी दिली ना मागच्या वेळी तिला. म्हटलं, ती उन्हात धरून बघ."

धंद्यात आधी खोके होतात आणि त्यांच्या मापाने शटर. भागवतांनी उलट केलं. पुण्याच्या स्वयंपाकघराचं माप त्यांनी मुलाकडून मागवलं, स्वतः आराखडा काढला आणि दुकानात आणला. शटर आहेत तशीच राहतील, खोके त्यांच्या मापाने करायचे. आराखडा बरोबर होता. फक्त एक शटर कमी पडत होतं.

रफीकभाईंनी नवं करून द्यायची तयारी दाखवली. भागवत मात्र भिंतीवर टांगलेल्या जुन्या शटरसमोर उभे होते. त्यांनी ते उतरवायला सांगितलं आणि अंगणात नेलं. पिशवीतून बरणी काढली, शेजारी धरली, चष्मा बदलला.

"तिसऱ्या वर्षाचं झालंय," ते म्हणाले.

मी पाहिलं. झालं होतं. त्यांच्या घरची शटरं मात्र तोवर पुढे गेली होती. काढून आणलेलं एक शेजारी उभं केलं तर ते पिशवीतल्या दुसऱ्या, पाचव्या वर्षाच्या बरणीशी जुळत होतं.

"साहब, मेल नहीं खाएगा," रफीकभाई म्हणाले. "नया बना देता हूँ, पाँचवें साल का."

भागवतांनी वसुधाताईंना फोन लावला आणि दोन्ही शटरं कॅमेऱ्यात दाखवली. फोनवर रंग नीट दिसत नसावेत, कारण वसुधाताईंनी दोनदा उन्हात धरायला सांगितलं.

"फिकं कुठलं?" त्यांनी विचारलं.

"दुकानातलं. पहिलं. मी नापास केलेलं."

"तेच लावा."

पुण्याचं स्वयंपाकघर गेल्या महिन्यात बसलं. आमची माणसं जाऊन लावून आली, मी फोटो पाहिले आणि सूनबाईंशी फोनवर बोलून खात्री केली. एक शटर बाकीच्यांपेक्षा फिकं आहे. लपवायचं तर सिंकखालची जागा होती. ते गॅसच्या वर, समोर लावलं आहे.